एका वाक्यासाठी वलगावला

वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत मी अकोल्याला एका व्यापाऱ्याकडे कापूस पारखायच्या कामावर होतो. आलेल्या गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब ते पाहायचं. वजन वाढावं म्हणून कुणी आतून पाणी मारलंय का, ते हात खुपसून चाचपायचं. दिवसाकाठी शंभर माणसं माझ्याशी बोलत. त्यातलं एकही माझ्याबरोबर जेवत नसे.

कारण मी ख्रिस्ती झालो होतो. अमरावतीच्या बाजारात नागपूरकडून आलेल्या एका पाद्र्याने मला शुभवर्तमानाचं लहानसं पुस्तक दिलं होतं. ते मी वर्षभर वाचलं आणि नागपूरला जाऊन बाप्तिस्मा घेतला. माझ्या गावी, वलगावला, परतलो तर माझं ताट आणि तांब्या अंगणाबाहेर काढून ठेवलेले होते. बायको वर्षाच्या मुलीला घेऊन तिवशाला माहेरी निघून गेली होती. दोन दिवस गोठ्यात काढून मी अकोल्याची वाट धरली.

जुन्या शहरात एका पिंजाऱ्याच्या घरामागची खोली मिळाली. म्हातारा भला होता, ईदेला शेवया पाठवायचा. पण त्याला त्याची मशीद होती, भाऊबंद होते. माझ्या धर्माचं एकही माणूस अकोल्यात मला ठाऊक नव्हतं. रविवारी मी दार लोटून मोठ्याने वाचत बसे, म्हणजे घरात कुणी बोलतंय असं वाटे. प्रार्थनेत मला क्वचितच रडू आलं. भाकरी थापताना मात्र फार यायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात माझा बाप गाडी घेऊन आला. इकडे भाव बरा आहे म्हणून आलो, असं म्हणाला. कापूस गावाजवळच्या अमरावतीलाच विकता आला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो खोलीत आला नाही. गाडीच्या जुवावर बसून म्हणाला,

"तुह्या बायकोले आन् पोरीले तिवशाहून आणलं हाय. पंचाशी बोलून ठेवलं. तू एकच सांगायचं. पाद्र्यानं काही खाऊ घातलं, म्या शुद्धीवर नव्हतो."

"बा, पण मी शुद्धीवर होतो."

"ते मले ठावं हाय." तो बैलांकडे बघत म्हणाला. "मनात काय ठेवाचं ते ठेव. मनात कोण पाहून राहिलं? तोंडानं तेवढं बोल आन् घरी राह्य."

मी त्याच्याबरोबर निघालो. हे स्पष्टच लिहितो, कारण पुढचं वाचून कुणाला मी मोठा धीराचा वाटायचो. मी मनाने केव्हाच हो म्हटलं होतं. तीन दिवस गाडीत कापसाच्या रिकाम्या पोत्यांवर पडून मी ते वाक्य घोकलं. वाईट काहीच वाटत नव्हतं. मुलगी आता बोलत असेल, एवढंच डोळ्यांपुढे होतं.

वलगावला पोचलो त्या सकाळी फार थंडी होती. पंच चावडीपुढे शेकोटी करून बसले होते. मला वाटलं होतं रागावतील. पण त्यांनी मला ऊन पडलं होतं तिकडे बसवलं, वाटेत त्रास झाला का विचारलं. त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा पंच लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. तोच म्हणाला, "पोरा, हिव लागून राहिलं असंल. अस्तवापाशी ये, शेक."

मी पुढे सरकलो आणि हात विस्तवावर धरले. त्यानं विचारलं, "त्या ख्रिस्ताशी तुह्यं काही हाय का आता?"

त्याच क्षणी मला पुस्तकातला तो शिष्य आठवला. प्रभूला धरून नेल्यावर तो असाच परक्या अंगणात विस्तवापाशी शेकत उभा होता, आणि त्यालाही लोकांनी हेच विचारलं होतं. मी त्याला ओळखत नाही, असं तो तीनदा म्हणाला होता. ती गोष्ट मी कितीदा वाचली होती, आणि दर वेळी त्याला मनातून हसलो होतो. आता माझे हात विस्तवावर होते. मी ते मागे घेतले.

"हाय," मी म्हणालो. "मी शुद्धीवर होतो. आताही हाय."

कुणी ओरडलं नाही. म्हाताऱ्या पंचाने काडीने निखारे सारखे केले आणि तो दुसरीकडे पाहू लागला. थोड्या वेळाने सगळे एकेक करून उठून गेले.

घराच्या मागच्या दाराशी बायको उभी होती. दोन वर्षांत ती वाळली होती. मुलगी तिच्या लुगड्याआड होती. माझ्याकडे बघून तिनं तोंड लपवलं.

"तुम्ही खोटं बोलले असते तर मी राहिले असते," बायको म्हणाली. "मले खोटं चाललं असतं."

"आता ये माझ्यासंगं."

"तिथं पोरीचं लगन कोण करंल?"



बाप मला गावाच्या शिवेपर्यंत सोडायला आला.  मग त्याने विचारलं, "तेवढं काहून बोलला नाई?" मी त्याला त्या शिष्याची सगळी गोष्ट सांगितली.

"मंग? त्याले देवानं टाकलं का?"

"नाही. परत जवळ केलं."

"मंग तुलेबी केलं असतं," बाप म्हणाला, आणि माघारी वळला.

ते शब्द मी बरोबर घेऊन आलो. एखाद्या पाद्र्याजवळ त्यांचं उत्तर असेल. माझ्याजवळ नव्हतं. पुढची कित्येक वर्षं, विशेषतः भर दुपारी बाजार उठून सगळे आपापल्या घरी गेले की, मोह जुना होत नाही, रोज नवा होऊन येतो, हे मला कळत गेलं. चावडीपुढे मी त्या मोहाला एकदा नाही म्हणालो. अकोल्यात मला ते रोज म्हणावं लागलं, आणि तिथे विचारायलाही कुणी नव्हतं. प्रभूलाही सैतानाने रानात एकट्यालाच गाठलं होतं, हे वाचून थोडा आधार वाटे. फार नाही.

बायको परत तिवशाला गेली आणि तिथेच राहिली. मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा तिचं लग्न ठरल्याचं मला एका गाडीवाल्याकडून कळलं. मी तिवशाला गेलो. मांडवात जाणं शक्य नव्हतं. वरातीच्या गाड्या सोडल्या होत्या तिथे, बाभळीखाली, गाडीवाल्यांच्या घोळक्यात बसून राहिलो. वाजंत्री ऐकू येत होती, माणसांच्या पाठी दिसत होत्या. मुलगी दिसली नाही. बायको एकदा परसात पाणी न्यायला आली, बाभळीकडे बघत क्षणभर थांबली, आणि घागर घेऊन आत गेली.

दुपारी गाडीवाल्यांसाठी जेवण आलं. गाडीवाले पाच होते. वाढणाऱ्याने सहा पत्रावळी मांडल्या.