गच्चीवरचा अँटेना उतरला

मंडळी, जुन्या अँटेनावर काही दिसेनासं झालं म्हणून आज तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी डिशची छत्री अन् डिजिटल बॉक्स बसला.

बाबा होते तेव्हा चित्र हललं की ते गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत अन् वरून विचारत, "आलं का?" आई अंगणातून ओरडे, "गेलं नं! अजून फिरवा... हां, आलं! आता हलू नका!" अख्ख्या पाऱ्याले कळे, आमच्याकडे टीव्ही लागून राहिला.

"माताजी, पुराना एंटीना निकाल दूँ?" छत्रीवाल्या भैयानं विचारलं. आई "हव" म्हणाली.

चित्र काचेसारखं आलं. भैया गेले. तासाभरात ढग दाटले अन् चित्र अडकलं. आई सवयीनं उठून अंगणात गेली. वर पाहून ओरडली, "अहो, गेलं नं!"

मग तिथंच उभी राहिली.

इकडे चित्र आपोआप परत आलं होतं. पण मले राहवलं नाही. गच्चीवर गेलो, अँटेनाच्या जागी उभा राहिलो अन् विचारलं, "आलं का?"

आईनं वर पाहिलं.

"आलं," ती म्हणाली. "आता हलू नको."

तुमच्या घरी वर कोण चढायचं?