पाटीवर लिहिलेला पत्ता

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी मंगरूळपीरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होतो. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मीच, हे मी अजूनही कोणी न विचारता सांगतो. ड्यूटी संपली तरी सुटका नसायची. लाइन बंद पडली की बोलावणं आलंच. त्यासाठी पगारावर महिन्याला पंधरा रुपये भत्ता होता. टेलिफोनवाल्याच्या घरी टेलिफोन मात्र नव्हता. म्हणून दारावर शाळेची पाटी टांगली होती. बाहेर पडताना कुठं चाललो ते तिच्यावर लिहायचं. लाइनमन सायकलवर यायचा, पाटी वाचायचा आणि मला न्हाव्याच्या खुर्चीतून, बाजारातून उठवून न्यायचा. लोक बघायचे. सुरुवातीला ते बरं वाटायचं. पुढं ताटावर बसलं तरी कान रस्त्याकडंच. बायको म्हणायची, "पंधरा रुपयात तुमाले अख्खंच इकत घेतलं त्यायनं."

बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, गावी होतं, सहा मैलांवर. पाहुणे जऊळक्याचे. हुंडा घ्यायचा नाही हे आधीच ठरलेलं. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर आमच्यात तो शब्द काढायचीही लाज होती. पण मानपान, कपडेलत्ते यांची यादी लिहायची आणि तिच्यावर दोन्ही बापांनी सही-अंगठा करायचा, ही रीत राहिली होती. बाबांना अक्षरओळख नव्हती. आठ दिवस ते गावभर सांगत होते, यादी आमचा बीएस्सीवाला लिहील. मी नवा पेन घेतला होता.

रविवार होता. निघताना पाटीवर लिहिलं, गावी, बहिणीचं साक्षगंध.

चहा झाला, कोरा कागद पुढं आला, आणि दारात लाइनमन. एक्स्चेंज बंद. कापसाचा हंगाम, व्यापाऱ्यांनी साहेबाला धारेवर धरलं होतं. मी बाबांकडं पाहिलं. ते पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "याच्याबिगर तालुक्याचे फोन चालत नाई. जाय बापू, मी हावो न इथं."

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर चढला होता. घासलं, पुसलं, आवळलं. दहा मिनिटांचं काम.

परतलो तेव्हा पाहुणे गेले होते. यादी त्यांच्याकडच्या मास्तरांनी लिहिली होती, खाली बाबांचा अंगठा. शेवटून दुसऱ्या ओळीत नवरदेवाला नवी सायकल होती.

"हे वाचून दाखोलं होतं का?" मी विचारलं.

बाबा बराच वेळ अंगठ्याची शाई पुसत राहिले. "दाखोलं असंल. मले सायकल नाई आयकू आली."

बहीण दाराआडून विचारत होती, "दादा, काय लिवलं हाये?"

"सगळं बराबर हाये," मी म्हणालो आणि कागदाची घडी केली.

पुढं कधीतरी लाइनमन म्हणाला, "साहेब, त्या दिवशी पाटी कोरी ठेवाची होती. म्या कुठी शोधलं असतं तुमाले?" खरं होतं. पण ती लिहिताना मला सुचलं नव्हतं.

लग्न झालं. सायकल उधारीवर घेतली होती. ती फिटेपर्यंत भत्ता लागणार होता, म्हणून पाटी दारावरच राहिली.