झुल्मेचं लहान टेबल

झुल्मे पेलरिन हसली की समजावं, कुणाचा तरी बळी गेला. दलदलीच्या काठावरच्या आमच्या बायू सिप्रेत लहानथोर सगळे तिला तांत झुल्मे म्हणायचे. तांत म्हणजे मावशी. मावशीची माया हवी असेल त्यानं मात्र दुसरं दार ठोठावावं.

हायवेच्या अलीकडे क्रॉफिश, म्हणजे दलदलीतले नांग्यावाले झिंगे, सोलायची शेड होती. उकडलेल्या क्रॉफिशचे ढीग स्टीलच्या टेबलांवर ओतले जायचे आणि दोन्ही अंगांना उभ्या राहून बायका शेपट्या सोलायच्या. झुल्मे तिथं लग्नाआधी लागली ती केस पांढरे होईपर्यंत होती. डोकं पिळून वेगळं करायचं, शेपटीची पहिली दोन कडी सोडवायची, बुडाशी चिमटा काढायचा की मांस अख्खं बाहेर. इतरांना हे करावं लागायचं, झुल्मेच्या हातून ते होऊन जायचं. तोंड मोकळंच असायचं, ते तिनं वाया जाऊ दिलं नाही.

"काय गं क्लोथिल्द," शेजारणीच्या ढिगाकडे बघत ती म्हणायची, "सोलतेयस की अंगाई गातेयस त्याला?"

उलिसशी तिनं लग्न का केलं याच्या गावात बऱ्याच कथा आहेत. मला पटते ती अशी, की तो आमच्यातला सगळ्यात मंद सोलणारा. हसायला रोज बाहेर कुठं जायचं, घरातच कुणीतरी असलेलं बरं, असा तिनं विचार केला. संसार सुखाचा झाला. म्हणजे तिचा.

गुड फ्रायडेला आम्हाला मांस वर्ज्य, पाण्यातलं चालतं. म्हणून आम्ही उपास करतो तो असा: पोतीच्या पोती क्रॉफिश धुवायचे, कांदे, लसूण, लिंबं, बटाटे, मक्याची कणसं घालून उकळायचे, आणि लाल मिरची एवढी टाकायची की पातेल्याजवळ उभ्या माणसानं खोकत खोकत सगळी पापं कबूल करावीत. मग आग बंद. खरी गंमत त्यानंतर आहे. घाई करायची नाही. त्याच पाण्यात मुरू द्यायचे. वर तरंगणारे एकेक करून तळाशी गेले की समजायचं, मसाला डोक्यात शिरला. मग डोकं चोखलं की त्याच्या आतलं पिवळं लोणी जिभेवर येतं, तिखट, खारट, थोडं चिखलाचं. त्यासाठी माणूस नरकात जायला तयार होतो. देव याला उपास म्हणतो का, ते आमच्या फादरला विचारू नका. पहिल्या ढिगाला तोच हजर असतो.

झुल्मेच्या अंगणात ओकच्या झाडाखाली प्लायवूडचं लांब टेबल मांडलेलं असायचं. त्यावर वर्तमानपत्रं आणि वर्तमानपत्रांवर वाफाळता लाल डोंगर. ताट नाही, काटा नाही, ज्यानं त्यानं आपलं सोलून खायचं. सोलून दिलेलं खातात ती फक्त पोरं. त्यांचं बुटकं टेबल पलीकडे, पिकॅनच्या झाडाखाली, आणि त्यांच्या आया मधूनमधून उठून त्यांना सोलून देतात. एवढं सगळ्यांकडेच चालतं. झुल्मेनं त्याला आपली एक पुरवणी जोडली होती. सोलता येत नाही तो लहान टेबलावर, वय काहीही असो.

त्या टेबलावर गेलेलं पहिलं मोठं माणूस म्हणजे तिची सून व्हर्ना. प्लासिदनं तिला उत्तरेकडून आणली. आमच्याकडे ज्याला आमचं फ्रेंच येत नाही तो अमेरिकन, मग तो दोन गावं सोडून का जन्मलेला असेना. व्हर्नानं पहिल्या गुड फ्रायडेला एक क्रॉफिश मिशीला धरून उचलला आणि डोळे मिटले.

"शा, लाडके," झुल्मे एकदम गोड आवाजात म्हणाली, "घाबरू नकोस गं, तो मेलाय. तुम्ही दोघं सारखेच दिसताय म्हणून तुझा गोंधळ झाला असेल." मग लेकाकडे वळून फ्रेंचमध्ये, "प्लासिद, बायको उचल. बारक्यांत ठेव."

टेबल हसलं. फादर हसला. व्हर्ना काही न कळल्यासारखी हसली आणि बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून पोरांमध्ये जाऊन बसली. पुढची कितीतरी वर्षं ती तिथंच होती. तिला आमची भाषा येत नाही या भरवशावर आम्ही तिच्या देखत तिच्यावर मनसोक्त बोलायचो. तिच्या पायांवर, तिच्या बटाट्याच्या सॅलडवर, तिला उशिरा झालेल्या पोरावर. मिस झुल्मे, मिस झुल्मे करत ती सासूची भांडी घासायची. शेवटी एकदाची सोलायला शिकली तेव्हा झुल्मेनं तिला मोठ्या टेबलावर जागा दिली, ती स्वतःच्या डाव्या हाताला. जवळ असली की टोमणा मारायला ओरडावं लागत नाही.

नंतर उलिसला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. त्या वर्षी तो सवयीनं मोठ्या टेबलाच्या टोकाशी येऊन बसला. झुल्मेनं त्याच्यासमोरचं वर्तमानपत्र उचलून घडी केलं.

"मा, राहू दे पोपाला," प्लासिद म्हणाला. "मी सोलून देतो."

"दे की. तिकडे जाऊन दे."

उलिस उठला. पाय ओढत पिकॅनखाली गेला, पोरांनी त्याला लाल सोडा ओतून दिला, एकीनं गळ्याला फडकं बांधलं. रडला म्हणतात. मी म्हणेन मिरची होती. बायूत आम्ही सगळ्याच रडण्याला मिरची म्हणतो.

आता झुल्मेच्या हातांचं सांगतो. उभं आयुष्य बर्फात आणि कवचांत घातलेले हात ते. बोटं आधी सुजली, मग आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झाली. शेड सुटली. गुंडी लागेना. चर्चमध्ये ती हातमोजे घालून यायला लागली, आणि क्लोथिल्दनं "एवढी थंडी?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुझ्याशी हात मिळवावा लागतो ना." पण गुड फ्रायडेला हातमोजे घालून कोण बसणार? आणि तिचा नियम गावाला तोंडपाठ. ती सोलू शकत नाही हे एकाला जरी दिसलं असतं, तरी तिची जागा कुठं होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही. त्यापेक्षा तिनं शवपेटी निवडली असती.

शवपेटीऐवजी तिनं पिशवी निवडली. शेडमधून सोललेल्या शेपट्यांची पिशवी मागवली, आम्ही रश्श्याला वापरतो ती. ती एप्रनच्या मोठ्या खिशात ठेवली आणि टेबलावर येऊन बसली. ढिगातून एक क्रॉफिश घ्यायचा, मांडीवर न्यायचा, खाली काहीतरी खुडबूड करायची, खिशातली शेपटी तोंडात आणि अख्खा क्रॉफिश पायाशी बसलेल्या कुत्र्याला. समोर टरफलं दिसायला हवीत म्हणून शेजाऱ्यांची टरफलं मनगटानं हळूच आपल्याकडे ओढायची. तोंड चालूच. फादरला म्हणाली, "जपून चोखा, फादर. इतक्या मनापासून तुम्ही क्रॉसचंही चुंबन घेत नाही." फादर लाल झाला, टेबल खिदळलं. मी समोरच बसलो होतो, मला काही दिसलं नाही. इतकी ती तरबेज.

पण शेडमधल्या शेपट्या नुसत्या पाण्यात उकडतात. मीठ नाही, मिरची नाही. सोलून विकायचा माल तो, मसाला ज्यानं त्यानं घरी घालायचा. जन्म त्या शेडमध्ये काढलेल्या बाईला हे सुचू नये? नाही सुचलं. हात लपवायच्या नादात तोंडाचा विचार राहून गेला. त्या दिवशी प्लासिदनं मिरची सैल हातानं टाकली होती. टेबलावरचं प्रत्येक नाक गळत होतं, ओठ सुजले होते, फादर बाहीनं डोळे पुसत होता. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध झुल्मे, देवळातल्या मेणाच्या मूर्तीसारखी कोरडी. बियरचा घोटसुद्धा घेतलेला नाही.

व्हर्ना डाव्या हाताला होती. तिनं सासूचे ओठ पाहिले, मग खिसा पाहिला. घाईघाईनं काही केलं नाही तिनं. ढिगातला मोठा, भरलेला क्रॉफिश निवडला, डोकं पिळलं, कडी सोडवली, आणि मांस सासूसमोरच्या कागदावर ठेवलं. मग दुसरा. मग तिसरा, शेजारी शेजारी, ओळीत. एकेक करून टेबलावरचे हात थांबत गेले.

"काय चाललंय हे?" झुल्मे म्हणाली.

"घ्या, मिस झुल्मे," व्हर्ना म्हणाली, आणि ते आमच्या फ्रेंचमध्ये म्हणाली, बायूच्या हेलासकट, एकही चूक न करता. "तुमच्या खिशातल्यांना मिरची नाही."

मला आधी फक्त खिशाचं कळलं. मग तिच्या पायांवर, सॅलडवर, पोरावर आम्ही जे जे बोललो होतो ते सगळं एकदम आठवलं आणि माझी नजर बियरच्या डब्यावर गेली. बाकीच्यांच्याही नजरा आपापल्या डब्यांवर होत्या.

झुल्मेनं एक क्रॉफिश उचलला. सगळ्यांसमोर, मांडीवर न नेता. दोन्ही हातांत धरून पिळायला गेली. बोटं त्याच्यावरून घसरली, क्रॉफिश कागदावर पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तिनं दात लावले, कवच तिच्या हिरडीत घुसलं, आणि हनुवटीवर लाल ओघळ आला. तो मसाल्याचा नव्हता.

"मा," प्लासिद म्हणाला, "राहू दे. इथंच बस."

व्हर्नानं नवऱ्याकडे नुसतं बघितलं. प्लासिद बोटं पुसायला लागला. झुल्मेनं टेबलभर नजर फिरवली, क्लोथिल्दवर थांबली, माझ्यावर थांबली. कुणीतरी म्हणायला हवं होतं, आता पुरे, हा नियम मेला. म्हणणारे होतो की आम्ही एवढे जण. पण सांगतो ना, सगळ्यांनाच बघायचं होतं.

तेवढ्यात पिकॅनखालून उलिसची जड जीभ ऐकू आली. शब्द एकेक करून आले. "ये, म्हातारे. इकडे. सावली आहे."

झुल्मे उठली. कुत्रा तिच्यामागे निघाला. बुटक्या खुर्चीत बसताना तिला खाली वाकता येईना, तेव्हा व्हर्नानंच काखेत हात घालून बसवलं, फडकं आणलं आणि मागून गाठ मारली, जरा घट्टच. मग पोरांना सोलून दिलं. मग उलिसला. सगळ्यांत शेवटी झुल्मेला, तोवर ढीग गार झाला होता.

"शेपटीतली काळी शीर तशीच ठेवलीस," झुल्मे पुटपुटली.

"हो," व्हर्ना म्हणाली आणि मोठ्या टेबलावर परत आली. झुल्मेची खुर्ची रिकामी होती. तिच्यात बसली. ढीग जवळ ओढला, एक डोकं पिळून चोखलं आणि फादरला म्हणाली, "तुमचं का थांबलं, फादर? तुमच्यावर तर अजून काही बोललेसुद्धा नाही मी."

फादर हसला. मग आम्ही सगळेच हसलो, जरा मोठ्यानंच, आणि सोलायला लागलो.