काशिनाथच्या पाड्याचं गाव

रामदासचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या यार्डात, लोडिंग सुरू व्हायची वाट बघत उभा होतो. रामदास म्हणजे काशिनाथचा धाकटा भाऊ. एरवी तो मला कधी फोन करत नसे. "साहेब, दादा गेला," तो म्हणाला. "डोंगरावरच." मग त्याने सांगितलं, की वनहक्काच्या दाव्यासाठी स्थळपाहणी होती, अधिकारी आले होते आणि त्यासाठी रजा घेऊन गेलेला काशिनाथ पुढे चालत हद्दीच्या खुणा दाखवत होता. शेवटची खूण दाखवून झाली, उतरताना दम लागला म्हणून तो एका दगडावर टेकला... तो उठलाच नाही. मी फोन खिशात ठेवला आणि पुन्हा ट्रेलरकडे वळलो. त्या दिवशी माल रवाना करायचाच होता. याला आता पाच आठवडे झाले.

काशिनाथ आमच्या फॅब्रिकेशन कंपनीत ड्राफ्ट्समन होता आणि मी त्याचा प्लॅनिंग मॅनेजर. मी पुण्याचा, बायको-मुलीसह अल बर्शात राहणारा. तो सह्याद्रीच्या उतारावरच्या साठ घरांच्या आदिवासी पाड्यातला, उम्म अल कुवैनला एका खोलीत एकटा राहणारा. आश्रमशाळा, आयटीआय, भोसरीतली नोकरी आणि मग इथे, असा त्याचा प्रवास. पहिलं वर्षभर मला एवढंच माहीत होतं, की दुपारच्या सुट्टीत हा माणूस कॅन्टीनला येत नाही. एकदा सहज त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो, तर स्क्रीनवर आमचे बीम-कॉलम नव्हते, एक डोंगर होता. झरे, पायवाटा, देवाची जागा, मोहाची झाडं, सगळं नावासकट. "हा कुठला जॉब?" मी विचारलं. "घरचा आहे सर," तो म्हणाला आणि खुर्ची किंचित बाजूला सरकवली, मला नीट दिसावं म्हणून.

त्याचं म्हणणं सरळ होतं. डोंगर पिढ्यान्‌पिढ्या पाडा वापरत आला, पण ग्रामपंचायत खालच्या मोठ्या गावात. ग्रामसभा तिथे, ठराव तिथे, आणि तिथल्या गर्दीत साठ घरांचे हात मोजायलाही कुणी थांबत नसे. अशाच एका सभेत डोंगरावरच्या रिसॉर्टला ना-हरकत देऊन टाकली गेली. पाड्यात ते कळलं ते मोजणीवाले आल्यावर. पण आदिवासी भागासाठीच्या कायद्यात एक वाट आहे. पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव केला, तर पाडा सरकारला 'आम्हाला वेगळं गाव म्हणून जाहीर करा' असं सांगू शकतो. मग त्याची ग्रामसभा वेगळी, आणि डोंगराचा सामूहिक दावाही तीच लावू शकते. काशिनाथला हे सगळं कलमासकट पाठ होतं. तो आमच्याकडे जेवायला आला होता तेव्हा माझ्या मुलीने, सईने, त्याचं सगळं ऐकून विचारलं, "सो व्हाय डोन्ट दे जस्ट मेक देअर ओन व्हिलेज, अंकल?" तो मनापासून हसला. "तेच तर करतोय बेटा. त्याला फक्त वेळ लागतो."

पाड्याची ठरावाची तारीख ठरली तेव्हा त्याने आठ दिवसांची रजा मागितली. आमची मोठी शिपमेंट तोंडावर होती. मी अर्ज न वाचताच परत सरकवला. "आत्ता नाही, काशिनाथ. हे एवढं खलास होऊ दे, मग पुढच्या महिन्यात यल्ला, खुशाल जा." त्याने वाद घातला नाही. "सभा पुढच्या महिन्यात नाहीये, सर," एवढंच म्हणाला आणि कामाला बसला. त्या सभेत निम्म्याला थोडी मतं कमी पडली. खालच्या गावातून कुणीतरी येऊन म्हाताऱ्यांना सांगितलं होतं, की वेगळं झालात तर रेशन बंद होईल. घराघरांत जाऊन खरं-खोटं समजावणारा माणूस इथे ड्रॉइंगवर रिव्हिजन नंबर टाकत होता. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे बऱ्याचदा वाटलं.

पुढच्या वर्षी मीच त्याला रजा काढायला सांगितली. ठराव झाला. मग कार्यालयांतून कागद फिरत राहिले. कुठे शिक्का नाही, कुठे नकाशा पुन्हा द्या, कुठे साहेब बदलले. नकाशा तो न कंटाळता पुन्हा काढून द्यायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, किती वेळा?" तो म्हणाला, "सर, आपला क्लायंट किती रिव्हिजन मागतो? आपण देतोच ना." तीन वर्षांनी पाडा कागदावर गाव झाला. त्या दिवशी त्याने ऑफिसात खजूर वाटले. कारण विचारणाऱ्या फिलिपिनो सेफ्टी ऑफिसरला तो म्हणाला, "न्यू व्हिलेज." त्या बिचाऱ्याला वाटलं घर घेतलं. रिसॉर्टचं काम नव्या ग्रामसभेने अडवून धरलं आणि डोंगराचा दावा लावला. तो अजून जिल्ह्याच्या समितीपुढे आहे. रामदास म्हणतो, होईल. त्याच्या आवाजात मला आता थकवाच जास्त ऐकू येतो, किंवा तो माझाच असेल.

गेल्या शुक्रवारी मी काशिनाथची खोली आवरायला गेलो. सामान फार नव्हतं. एक बॅग गावी पाठवली, गॅस आणि भांडी शेजारच्या केरळी माणसाला दिली. फ्रिजच्या दारावर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. पाड्यातल्या सगळ्या मतदारांची नावं, त्याच्या ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरात. प्रत्येकापुढे बारीक टिपण... "सोमीआजी, रेशनची भीती, परत फोन." "लहानू, हो म्हणाला." "जानकी, माहेरी आहे, येईल." शेवटच्या ओळीत त्याचं स्वतःचं नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं, "रजा मिळाल्यास."

मी तो अलगद काढून घेतला. कागद रामदासला पाठवायला हवा होता, पण मी ठेवून घेतला. तो ऑफिसात माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, रजेच्या अर्जांच्या फोल्डरवरच. आता कुणी अर्ज घेऊन आलं की मी आधी विचारतो, गावी काय आहे? माणसं गोंधळतात, बहुतेक जण "पर्सनल आहे, सर" एवढंच म्हणतात. मी सही करतो.