बाटलीत वय वाढत नाही

माझ्या नाकाचं कौतुक मीच केलं तर चालेल, कारण बाकीच्यांनी ते कधी पुरेसं केलं नाही. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मी बरीच वर्षं नमुन्याच्या खोलीत बसत होते. धानाचा ट्रक आला की पोत्यात लोखंडी परखी खुपसून मूठभर दाणे काढायचे, दाताखाली फोडायचे, हुंगायचे आणि सांगायचं: हा ओला आहे, हा भिजल्यावर वाळवलेला आहे, या चिन्नोरच्या सुवासिक धानात दुसरंच काहीतरी मिसळलेलं आहे. ओलावा मोजायचं यंत्र टेबलावर होतं, पण ते माझ्यानंतर बोलायचं.

मी केशोरीची, धान पिकवणाऱ्या घरातली. २००१ साली नोकरीला लागले तेव्हा पोरगी काय माल पाहणार, असं दलाल तोंडावर म्हणाले होते. दोन हंगाम गेले आणि तेच दलाल मी खोलीत आहे का, हे आधी फाटकावर विचारून घ्यायला लागले. मी असले तर मालाची भाषा बदलायची. मला याचा गर्व आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

मिलच्या मालकांना सगळे सेठजी म्हणत. ते मूळचे कामठ्याकडचे शेतकरी. पूर्वज कधीकाळी माळव्यातून आले, हे ते नव्या माणसाला पहिल्या चहाच्या आत सांगत. त्यांचा धाकटा भाऊ परदेशात स्थायिक झाला होता. घरी येताना तो दरवेळी सिंगल माल्ट व्हिस्की आणायचा. एकाच भट्टीत, फक्त जवापासून काढलेली आणि लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली दारू. सेठजी प्यायचे थोडीच, पण बाटल्या जमवण्याचा त्यांना नाद लागला होता.

माझा त्या बाटल्यांशी संबंध आला तो एका भांडणामुळे. कुणीतरी सेठजींना एक बाटली भेट दिली होती आणि ती अस्सल की नकली यावरून ऑफिसात चार मिलवाले वाद घालत होते. सेठजींनी मला बोलावून ग्लास पुढे केला आणि नुसता वास घेऊन सांग म्हणाले. मी सांगितलं की यात जव नाही, जळक्या साखरेचा वास आहे, बाटली परदेशातली आणि माल इथला. भेट देणारा माणूस तिथेच बसला होता, हे मला नंतर कळलं. त्यानं कबूल केलं नाही, पण चहा न पिता तो उठून गेला.

तेव्हापासून नवी बाटली उघडली की मला हाक यायची. सुरुवातीला मी फक्त हुंगायचे. मग भावानं आणलेलं व्हिस्कीवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सेठजींनी माझ्याकडे दिलं, कारण त्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा होता. त्यात लिहिलं होतं की घोट तोंडात धरून ठेवल्याशिवाय अर्धं काही कळत नाही, दोन थेंब पाणी टाकलं की दबलेला वास वर येतो. मी दोन थेंब पाणी टाकलं, चमचाभर घोट घेतला आणि खरंच आधी धूर, मग मध, मग उन्हात तापलेल्या लाकडासारखं काहीतरी जिभेवर आलं. बाई दारू पिते, ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. आईला मी सांगितलं की हे माझं काम आहे. ती म्हणाली, मग कामाएवढंच कर. मी तेवढंच केलं.

आता सेठजींची चूक सांगते. ती आमच्या भागातल्या माणसाकडूनच होऊ शकते. आमच्याकडे जुन्या तांदळाला मान. नवा तांदूळ शिजला की गोळा होतो, वर्ष-दोन वर्षं पोत्यात राहिलेला मोकळा होतो आणि भावही जास्त खातो. सेठजींनी तोच हिशेब व्हिस्कीला लावला होता. गोदामाच्या एका कोपऱ्यात लाकडी पेटीत धानाचा भुसा भरून त्यांनी बाटल्या आडव्या निजवल्या होत्या, आंबे अढीत घालावेत तशा. प्रत्येकीच्या मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. दर दिवाळीला पूजा झाली की सेठजी स्वतः चिठ्ठ्या बदलत. बारा वर्षांची बाटली येऊन सात वर्षं झाली, की चिठ्ठीवर एकोणीस. पाहुण्यांना ते मोठ्या थाटात एकोणीस वर्षांची म्हणून दाखवत आणि पाहुणे माना डोलावत.

पुस्तकात मात्र साफ लिहिलं होतं की व्हिस्कीचं वय पिंपात वाढतं. बाटलीत भरली की ती आहे तिथेच थांबते. शिवाय बाटली उभी ठेवावी, कारण आडवी ठेवली तर कडक दारू बूच खाते. मी ते पान तीनदा वाचलं. मग शहाण्या माणसानं एकट्यात सांगितलं असतं, ते मी २००८च्या दिवाळीत, चिठ्ठ्या बदलताना, मुनीमजी आणि दोन दलालांसमोर सांगून टाकलं. माझा स्वभावच तसा आहे. दलालांपैकी एकजण हसला.

सेठजींनी हातातली चिठ्ठी बाटलीच्या मानेला गच्च बांधली. मग म्हणाले, "तू मले जुना माल काय रायते ते शिकवून राहिली का?"

दुसऱ्या दिवशी मला नमुन्याच्या खोलीतून काढून पावत्या फाडायच्या टेबलावर बसवलं. पगार तोच ठेवला. पण माझ्या जागी मुनीमजींचा भाचा बसला. तो धान हुंगायचा आणि त्याला शिंक यायची. शेजारच्या खोलीत ओला माल कोरडा म्हणून उतरताना मला वासावरून कळायचं आणि मी पावत्या फाडत राहायचे. आयुष्यात काही गमावलं असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. मला माझी खोली परत हवी होती. पण ती मिळवण्यासाठी चिठ्ठ्या खऱ्या होत्या असं म्हणायची माझी तयारी नव्हती.

वर्षभरानं नागपूरहून एक संग्राहक आला. दुर्मिळ बाटल्या विकत घेऊन पुढे विकणं हा त्याचा धंदा. लेबलं वाचायला आणि पुस्तक घेऊन यायला सेठजींनी मला बोलावलं. वर्षभरात ते माझ्याशी कामापलीकडे बोलले नव्हते. तेव्हाही पाहिलं टेबलाकडेच.

संग्राहकानं बाटल्या एकेक करून उचलल्या. दारू मानेपर्यंत आहे की खाली उतरली आहे ते उजेडात धरून पाहिलं, लेबल कसर लागून खाल्लं आहे म्हणाला, खोका नाही म्हणून किंमत निम्मी म्हणाला. त्याचं बरंचसं खरं होतं. पण त्यानं एका बाटलीला हातच लावला नाही. कोपऱ्यातली, फाटक्या लेबलची, कुरूप बाटली. तिच्यावरून त्याची नजर दोनदा गेली आणि दोन्ही वेळा पटकन निघाली. मग त्यानं सगळ्या बाटल्यांना मिळून सरसकट एक भाव सांगितला.

बाजारात मी हे शंभरदा पाहिलं आहे. मुरलेला दलाल सगळ्या पोत्यांत परखी घालतो आणि ज्या पोत्यावर त्याचा डोळा असतो त्याला शिवत नाही. मी पुस्तक चाळलं. त्या बाटलीची भट्टी कधीच बंद पडली होती, म्हणजे तिथला माल आता नव्यानं येणार नव्हता. मी सेठजींना म्हटलं की ही एक बाजूला काढा आणि हिचा भाव वेगळा विचारा.

संग्राहक आधी हसला, मग हसायचा थांबला. अर्ध्या तासात त्या एकट्या बाटलीसाठी तो इतका वर चढला, की तेवढ्यात एक जुनी जीप आली असती. सेठजींनी उद्या सांगतो म्हणून त्याला वाटेला लावलं. मग वर्षानंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहून विचारलं की विकू, ठेवू की पिऊ. मी बाटली उजेडात धरली. दारू खांद्याच्या खाली उतरली होती. आडवी ठेवून बूच कुजलं होतं. मी सांगितलं, ठेवू नका, ठेवली तर उरलेलीही जाईल. विका किंवा प्या. आत काय आहे, ते उघडल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

"त्याले एवढी पायजे," सेठजी म्हणाले, "तं आपणच काऊन नाही प्यायची?"

रविवारी दुपारी ऑफिसात चार मिलवाले मित्र जमले. मलाही बोलावणं होतं. बूच काढताना त्याचा चुरा झाला, तो मलमलीतून गाळून घेतला. सेठजींनी पाच ग्लास भरले आणि सहावा माझ्यासाठी. मित्रांनी घोट घेतला आणि चौघंही एका सुरात वाहवा करायला लागले. एकजण म्हणाला, ऐसी चीज गोंदिया में किसी ने नहीं पी. सेठजींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ते माझ्याकडे पाहत होते.

मी हुंगलं. दोन थेंब पाणी टाकून पुन्हा हुंगलं. घोट तोंडात धरून ठेवला. खोटं बोलायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती. वाहवा म्हटलं असतं तर सोमवारी खोली माझी होती.

"सेठजी, ही एके काळी फार चांगली असणार," मी म्हटलं. "आता नाही. हवा लागून सगळं उडून गेलं आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास तेवढा उरला आहे."

मित्रांनी ग्लास खाली ठेवले. एकजण म्हणाला की बाईमाणसाला काय कळतं यातलं. सेठजींनी त्याला हातानं थांबवलं. स्वतःचा ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि मी जसं हुंगते तसं सावकाश हुंगलं. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "आन् त्या नागपूरवाल्याले विकली असती तं?"

मी म्हटलं की ज्यानं कुणी ती शेवटी उघडली असती, त्याला हेच मिळालं असतं.

सेठजींनी ग्लास टेबलावर ठेवला. जीपएवढी रक्कम त्यांनी त्या दुपारी हातची घालवली होती, तीही चार मित्रांसमोर. मी त्यांच्या रागाची वाट पाहत होते.

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "आपल्या मिलमधून खराब माल बाहेर नाही गेला. तू सोमवारी आपल्या खोलीत बस."

एवढं बोलून त्यांनी मित्रांसाठी चहा मागवला. मी माझ्या नाकाचा अभिमान आयुष्यभर बाळगला आहे आणि तो थोडाथोडका नाही. पण त्या दुपारी मला त्या माणसाचा त्याहून जास्त अभिमान वाटला.