येते म्हणजे गेली

विद्यापीठात त्यांना सगळे तत्त्वसर म्हणत, कारण ते तत्त्वज्ञान शिकवत, आणि त्यातही नीतिशास्त्र. माणसानं कसं वागावं हे ते पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. स्वतः कसं वागावं हे मात्र त्यांना रोज सकाळी उठून नव्यानं ठरवावं लागे. हॉटेलात चहा की कॉफी असं विचारलं तरी ते समोरच्याला आधी दोन्ही बाजू समजावून सांगत, तोवर वेटर पुढच्या टेबलाकडे गेलेला असे.

अशा माणसाला विद्यापीठानं फेलोशिप दिली. तिचं नाव एका दमात म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे. समाजाला जबाबदार अशा तंत्रज्ञानावर वेगवेगळ्या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून संशोधन करायचं, असा तिचा अर्थ. एक जण यंत्राच्या बाजूचा, एक माणसांच्या बाजूचा, अशा जोड्या लावल्या होत्या. वर्षभर तास निम्मे.

"म्हणजे नक्की करायचं काय?" बायकोनं विचारलं.

"विचार करायचा."

"तो तर तुम्ही इतकी वर्षं फुकटच करत होता की."

सरांनी तिला समजावायचा प्रयत्न केला. सोमवारी एक अर्थ सांगितला, बुधवारी दुसरा, आणि रविवारी मान्य केलं की त्यांनाही नीटसं कळलेलं नाही. बायको म्हणाली, "तास निम्मे झाले एवढं मला कळलंय. दळण आणायला तुम्ही जात जा."

जोडीला आल्या संगणक विभागाच्या एक मॅडम. सर त्यांना मनातल्या मनात यंत्रबाई म्हणत. बाई चणीनं लहान, पण कामाला वाघ. डबासुद्धा उभ्यानं खायच्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी एक खोकं बनवलं होतं. साबणाच्या डबीएवढं, भिंतीला लावायचं. घरातले आवाज ऐकून ते त्या घराची सवय शिके, आणि घर नको तेव्हा गप्प झालं की नातेवाइकाचा फोन वाजवे.

पहिल्याच बैठकीत दोघांचं 'जबाबदार' या शब्दावरून वाजलं.

"जबाबदार यंत्र म्हणजे जे ऐन वेळी दगा देत नाही ते," बाई म्हणाल्या.

"नाही हो मॅडम. जबाबदार म्हणजे ज्याला जाब विचारता येतो तो. खोक्याला कसा विचारणार?"

"मग तुम्हाला विचारू का?"

सर हसले. मग ही थट्टा होती की प्रश्न, याचा विचार करत घरी गेले.

एक गोष्ट मात्र त्यांनी छातीठोकपणे केली. खोक्यात कॅमेरा बसवायचा नाही, असं त्यांनी बाईंना बजावलं. माणसाला त्याच्या घरात बघत राहणं म्हणजे पाळत, आणि पाळतीला काळजी म्हणणं हा शुद्ध ढोंगीपणा, असं ते टेबलावर हात आपटून बोलले. त्यांचा असा अवतार कोणी पाहिलेला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही. बाईंनी ऐकलं.

"ठीक आहे. डोळे नकोत, तर मग कानांवर भागवायला हवं. माणूस घरात येताना काय बोलतो आणि जाताना काय बोलतो, तेवढे शब्द लिहून द्या. बोलणं तुमच्या बाजूचं, सर."

सरांनी व्याकरणाचं पुस्तक उघडून, जिभेखाली बडीशेप धरून, तब्येतीत काम केलं. 'येणे'ची सगळी रूपं एका बाजूला, घरात येण्याची. 'जाणे'ची सगळी दुसऱ्या बाजूला, बाहेर पडण्याची. कागद बाईंच्या हातात दिला, बाईंनी नजर फिरवून "एकदम चोख" असं सांगितलं, आणि सर "बरंय, येतो मॅडम" म्हणून निघून गेले. दोघांच्या एवढ्या शिक्षणाला त्या क्षणी काहीही खटकलं नाही.

खोकं लावायला खरंखुरं घर हवं होतं. ते सरांकडे होतं. म्हणजे त्यांच्या ताईकडे.

ताई त्यांच्याहून बरीच मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे सरांचं नाक पुसण्यापासून त्यांना कॉलेजात ढकलण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची नोकरी झाली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची टाप नव्हती. आता दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. छपन्न वर्षांच्या प्राध्यापकाला ती अजून बाळ्या म्हणायची, तेही जिन्यातून, मोठ्यानं.

मागच्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरून पडली होती. शेजारणीला कळेपर्यंत बराच वेळ गेला. तेव्हापासून सरांचा धोशा चालू होता: ताई, आमच्याकडे ये. ताईचं उत्तर ठरलेलं: मेल्यावर न्या. शेवटी सरांनी तडजोड काढली. खोकं लावायचं. जोवर ते गप्प आहे तोवर ताई तिच्या घरात. पण पुन्हा एकदा पडली, तर सामान बांधायचं आणि भावाकडे यायचं. मग हूं की चूं करायचं नाही.

"जन्मभर कानाला यंत्र लावून बसले," ताई खोक्याकडे बघत म्हणाली, "पण लोकांचं बोलणं चोरून ऐकलं नाही कधी. आता हे मेलं माझं ऐकणार." तरीही ती कबूल झाली. घर राहत होतं ना.

आठवडा बरा गेला. मग एका दुपारी, सर वर्गात कर्तव्य म्हणजे काय हे सांगत असताना त्यांचा फोन कोकलला. ताई घरात आली, त्यानंतर घरात काहीच हालचाल नाही, असा निरोप होता. कर्तव्य तिथंच सोडून ते रिक्षात बसले. दार आतून बंद की बाहेरून हे बघायचंही भान राहिलं नाही. हाका मारल्या, शेजारीण आली, खालच्या गल्लीतला सुतार आला, आणि कुलूप तोडून सगळे आत घुसले.

घर रिकामं. गादी आवरलेली, गॅस बंद, कपडे वाळत घातलेले. सर पलंगाखालीसुद्धा वाकून बघून आले.

"बाळ्या, मला शोधतोयस की चोराला?" मागून आवाज आला. दारात ताई उभी, हातात भाजीची पिशवी.

सरांना रडू फुटलं. मग राग आला. मग राग कोणावर काढायचा ते कळेना. ताईला राग कोणावर काढायचा ते बरोबर कळलं, आणि सुतारासमोरच तिनं तो काढला.

संध्याकाळी यंत्रबाईंनी खोक्यानं ऐकलेले शब्द तपासले आणि फोन केला.

"सर, त्या 'येते रे' म्हणाल्या. खोक्याला. म्हणजे तुमच्या यादीप्रमाणे त्या घरात आल्या."

"अहो मॅडम, येते म्हणजे गेली!"

"मग तसं लिहायचं होतं ना!"

"तुम्ही तरी कुठं बघितलंत? एकदम चोख म्हणालात!"

घराबाहेर पडणारा माणूस जातो असं कधी म्हणत नाही, येतो म्हणतो, हे रस्त्यावरचं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. विद्यापीठानं त्यासाठी दोन विभागांतले दोन विद्वान वर्षभर बसवले होते. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. तरी मनात एक गुंता राहिलाच: जाताना येते म्हणणारा माणूस खोटं बोलतो, की वचन देतो? नीतिशास्त्रात याची नोंद कुठं करायची?

"तुम्ही विचार करा," बाई म्हणाल्या. "मी दुरुस्ती करते. बरं, येते." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुरुस्ती झाली. 'येते' ऐकलं की खोकं समजणार, ताई बाहेर पडली, आणि ती परत येऊन दार उघडल्याचा आवाज होईपर्यंत झोपून राहणार. शिवाय कोणाचीही धावपळ होऊ नये म्हणून फोन लावण्याआधी ते थोडा वेळ टिकटिक करणार. दाराला नवं कुलूप बसलं, त्याची एक किल्ली सरांकडे आली. सरांच्या फोनवर आता ताई घरात की बाहेर तेही दिसू लागलं.

फेलोशिपच्या मासिक बैठकीत या गोष्टीला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. सरांना पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला या कामातलं काहीतरी कळतंय. फोनवर ताई हल्ली सारखी बाहेर दिसायची. सकाळी बाहेर, दुपारी बाहेर. सर खूश होते.

"ताई बरीच फिरायला लागलीये," ते बायकोला म्हणाले.

"त्या गुडघ्यांनी?" बायकोनं विचारलं आणि ती कणीक मळत राहिली. सरांना या प्रश्नाचा त्रास झाला. पण त्रास कसला, ते उमगलं नाही.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनाला वापरलेलं खोकं मांडायचं होतं. ते काढून आणा, असं बाईंनी सांगितलं. सर दुपारी निघाले. फोन सांगत होता, ताई सकाळपासून बाहेर. दाराशी पेपर तसाच पडला होता. तो उचलून, किल्लीनं दार उघडून ते आत गेले, तर ताई खिडकीपाशी खुर्चीत बसलेली.

सर दचकले. फोनकडे बघितलं, ताईकडे बघितलं.

"तू बाहेर आहेस," ते म्हणाले.

"असेन."

"अगं, इथं लिहिलंय."

"मग असेनच. तू शिकलेला आहेस. चहा टाक जरा, मलाही दे. आज मला उठायचा कंटाळा आलाय."

सरांनी चहा टाकला. साखर किती घालायची हे ठरवता ठरवता त्यांच्या डोक्यात थोडा उजेड पडला. ते कप घेऊन बाहेर आले.

"तू त्याला उगाचच येते म्हणतेस?"

ताईनं कप घेतला. "म्हणते. येते म्हटलं की मुकाट झोपतं बिचारं. मग मी गाणं म्हणते. तुला शिव्या घालते. माझं घर आहे, मला कोणी ऐकत नसलं की बरं वाटतं."

सरांना संतापायचं होतं. पण हेच तर ते टेबलावर हात आपटून बोलले होते! ताईचं बरोबर म्हणावं, तर खोकं फुकट. चूक म्हणावं, तर आपण फुकट. तेवढ्यात कप ठेवताना ताईची बाही वर सरकली. कोपरापासून खाली हात काळानिळा पडला होता.

"कधी पडलीस?"

ताईनं बाही खाली ओढली.

"ताई, कधी?"

"सकाळी. पाय अडकला चटईत."

"म्हणजे खोकं तेव्हा झोपलं होतं," सर कळवळून म्हणाले. "बघ, हे असं होतं. उगाच येते म्हणून ठेवलंस, आणि—"

"नाही रे. जागं होतं."

"मग मला फोन का नाही आला?"

ताई खिडकीबाहेर बघत बोलली. "जमिनीवर पडले होते. उठता येईना. बऱ्याच वेळानं ते टिकटिक करायला लागलं. म्हटलं, आता हे तुला फोन लावणार. तू येणार. आणि मग मला घेऊन जाणार, तसं ठरलंय. म्हणून पडल्या पडल्याच त्याला म्हटलं, येते."

सर खाली बसले, तिथंच, चटईवर. वर्षभर ते खोक्यात काय चुकतंय ते शोधत होते. जमिनीवर पडलेल्या म्हातारीनं मदत येऊ नये म्हणून तोंड का उघडावं, याचं उत्तर खोक्यात नव्हतं. ती अट त्यांनी घातली होती, अगदी प्रेमानं, आणि ती घालताना त्यांना काडीइतकाही संशय आला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली. पुढं काय करायचं ते मात्र अजूनही कळेना. घेऊन गेलो तर ती झुरणार. ठेवली तर पुन्हा पडणार. दोन्हीकडून जीव तिचाच जाणार होता.

"ताई," ते म्हणाले, "पडलीस तर हाक मार. मी नेणार नाही तुला."

"हाड मोडलं तर?"

"दवाखान्यात नेईन. आणि परत इथंच आणून सोडीन."

"आणि तुझं ते संशोधन?"

"त्याचं काय करायचं मला माहीत नाही."

"बायकोला विचारलंयस?"

"तिला मी सांगेन."

ताईनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. लहानपणी खिशात काय लपवलंय ते बघायची, तसं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला तिनं हात वर केला नाही.

"नक्की?"

"नक्की."

"मग मला उठव बाळ्या," ती म्हणाली. "कशीबशी या खुर्चीत चढेपर्यंत दुपार झाली. आता मला उभंच राहता येत नाहीये."