पितळी सापाचं पान

"अक्षरं सायबाला, चित्रं आपल्याला," असं म्हणून त्यानं लसणाचा हात लेंग्याला पुसला आणि चित्रांच्या पुस्तकाचं पान उलटलं. मेसच्या मागं बसलो होतो आम्ही. तो लसूण सोलत होता, मी बिडी ओढत होतो. दोघांनी मिळून शांतपणे बसायची ती शेवटची वेळ.

तारापूरला अणुवीज कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी घाटावरचा, सळया बांधायचो, बायकोसोबत कुंभवलीत खोली घेऊन राहायचो. तो वसईकडचा ख्रिस्ती, गोऱ्या साहेबांच्या मेसचा स्वयंपाकी. सगळे त्याला बटलर म्हणायचे. साहेबांच्या पोरांनी टाकलेली चित्रांची पुस्तकं तो जमवायचा. डगला घालून उडणारे, भिंती फोडणारे गडी असायचे त्यात. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं, मलाही नाही. मी चौथीतच शाळा सोडली.

पण तो त्यात बायबल वाचायचा. "ह्याचे हात बघ कसे पसरलेत. क्रुसावरचेच हात. आन् जेवायला किती बसलेत, मोज."

मी मोजायचो. कधी बारा भरायचे, कधी अकरा. "येशूला विकणारा बारावा चेला पैशाची पिशवी घेऊन भायेर गेला," तो म्हणायचा.

दारावर चांदणी, त्रिकोणात डोळा असलं काही दिसलं, की मात्र उठून येरझारा सुरू. "ही मांत्रिकाची खूण हाय. एकाच पानावर देव आन् सैतान, असं का केलं यांनी?" तिकडं भाजी करपायची. फादरना विचारलं तर ते म्हणाले, जाळून टाक. त्याला जाळवेना, ठेववेना. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, ज्यांच्या मनालाच खाज असते.

एक पान त्याचं लाडकं. पिवळ्या डगल्याचा गडी, हातात काठी, काठीवर पितळेचा साप. "वाळवंटात लोकांना साप चावले, तवा मोशेनं असाच साप काठीला टांगला. ज्यानं वर बघितलं, तो जगला."

"आमच्याकडं मांत्रिक लिंबू कापतो. माणूस मरायचा तो मरतोच."

"घाटी तो घाटी! तुला डोळे हायत, नजर नाय."

त्या शेवटच्या दिवशी लसूण सोलून तो जेवण वाढायला आत गेला, तेवढ्यात चिंचणीची सुक्या मासळीवाली आली. बोंबील बांधायला ती कॉलनीतली रद्दी न्यायची. मी सगळा गठ्ठा तिला दिला. लाडकं पानही त्यातच. त्या खुणांपायी तीन रात्री त्याचा डोळा लागला नव्हता. म्हटलं, पुस्तकं गेली तर झोपेल तरी. संध्याकाळी चार शिव्या खाऊ.

दुपारी लाकडं काढताना ढिगातला नाग त्याच्या हाताला चावला.

ट्रकमधून पालघरला निघालो. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. "घाटी, पान दाखव."

"राहिलं घाईत," मी खोटं बोललो.

तो माझ्याच तोंडाकडं बघत राहिला. नागाच्या विषानं आधी पापण्या जातात. त्या त्याला उचलता येईनात. पालघर यायच्या आतच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मेसच्या बाकावर ठेवलेला, वसईची माणसं यायची होती. मी तडक चिंचणीच्या बाजारात गेलो आणि मासळीवालीच्या पाटीतल्या पुड्या सोडायला लागलो.

"सक्काळी सक्काळी येडा झाला का रं मेल्या!" ती ओरडली. मी थांबलो नाही. बोंबलाच्या एका पुडीला ते पान निघालं, तेलकट, सापाची शेपटी फाटलेली.

परत आलो तर माझी बायको त्याच्या उशाशी बसलेली. आता इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात तीही वारली. तिच्यापुढं धरायला माझ्याकडं काही नव्हतं. त्या सकाळी मात्र मी पान घेऊन नुसताच उभा राहिलो, तेव्हा तीच म्हणाली, "धरा की. मेल्याला दिसत नाही, हे कोण बघून आलंय?"

मी दोन्ही हातांनी पान त्याच्या तोंडावर धरलं, चित्र त्याच्याकडं करून. त्याची माणसं येईपर्यंत हात खाली घेतले नाहीत.